ना धड पाणी, ना धड बर्फ: शरद सरताना रानातल्या मुक्कामाची आखणी

उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत उन्हाळ्यात तळं होडीने ओलांडता येतं आणि ऐन हिवाळ्यात त्याच तळ्यावरून चालत पलीकडे जाता येतं. मधल्या काही आठवड्यांत दोन्ही वाटा बंद होतात. होडी अडेल इतका बर्फ धरलेला असतो, पण माणसाचं वजन पेलेल इतका नसतो. त्यातच सकाळी पाऊस, दुपारी हिमवृष्टी, रात्री कडाका असा खेळ चालू असतो. या दिवसांत रान रिकामं असतं, हवा स्वच्छ असते, दूरवरचं दिसतं, आणि म्हणूनच हा मुक्काम करण्याजोगा आहे. पण तो एका अटीवर करावा: पाणी उघडं असो, थर पातळ असो की हिम गुडघाभर असो, परतीची वाट प्रत्येक स्थितीत पायी आणि जमिनीवरून काढता आली पाहिजे. पुढची सगळी आखणी या अटीवर उभी आहे.

मार्ग: आधी पाणी शोधा, मग वाट

१:५०,००० प्रमाणाचा किंवा त्याहून तपशीलवार नकाशा घ्या आणि मार्गावर जिथे जिथे पाणी ओलांडावं लागतं तिथे खूण करा. त्यात नदी, ओढा, तळ्याची चिंचोळी जागा, दलदल सगळं आलं. प्रत्येक खुणेसमोर जमिनीवरून जाणारा पर्याय आणि त्याला लागणारा वेळ लिहा. पर्याय नसेल, किंवा वळसा अर्ध्या दिवसाहून मोठा असेल, तर तो टप्पा मार्गातून काढून टाका. तिथे गेल्यावर बघू म्हणून सोडून दिलेल्या ठिकाणीच माणसं अडकतात, कारण थकलेल्या संध्याकाळी समोरचा बर्फ नेहमीच जाड वाटतो.

वर्तुळाकार मार्गापेक्षा गेलेल्या वाटेने परतणं या ऋतूत बरं. वर्तुळात अवघड ओलांडणं शेवटच्या दिवशी आलं तर मागे फिरायला अन्न आणि उजेड दोन्ही उरलेले नसतात. बेटावर मुक्काम करू नका. वारा पडला आणि रात्र निरभ्र असली की एका रात्रीत पाण्यावर बर्फाची साय धरते, आणि सकाळी होडीही चालत नाही, पायही टाकता येत नाही. एक-दोन सेंटिमीटरचा कोवळा बर्फ काचेसारखा धारदार असतो. होडीचं अंग तो घासून कापतो आणि वल्ह्याने तो फोडत पुढे सरकण्यात तासन् तास जातात.

दिवसाचं अंतर उन्हाळ्याच्या निम्मं धरा. १५ नोव्हेंबरच्या सुमारास ४८ अंश उत्तर अक्षांशावर दिवस साधारण सव्वानऊ तासांचा असतो आणि ६० अंशांवर साडेसात तासांचा. त्यातून तळ उठवायला दोन तास आणि नवा तळ टाकायला दोन तास वजा करा. चालायला काय उरतं ते लगेच कळेल. सूर्यास्ताच्या दोन तास आधी थांबायचं, ही वेळ नकाशावरच लिहून ठेवा.

तळं किती गोठलंय, याचा घरबसल्या अंदाज

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्यामुळे खोल तळ्यात वरचं थंड पाणी तळाशी जात राहतं आणि सगळं पाणी ४ अंशांपर्यंत उतरल्यावरच पृष्ठभाग झपाट्याने गार होतो. उथळ तळं लवकर गोठतं, शेजारचं खोल तळं त्यानंतर कित्येक दिवस उघडं राहू शकतं. म्हणून एका तळ्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका. मोठ्या तळ्यात वारा पाणी ढवळत ठेवतो आणि गोठणं आणखी लांबतं.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची छायाचित्रं मोफत पाहता येतात. एका जागेचं चित्र साधारण पाच दिवसांनी मिळतं, उत्तरेकडे त्याहून लवकर, आणि १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. ढग मात्र आड येतात. पांढरं दिसणारं तळं म्हणजे हिमाने झाकलेला बर्फ. काळं दिसणारं तळं उघडं पाणी असू शकतं किंवा नुकताच धरलेला नितळ बर्फही असू शकतो, कारण तो वरून पाण्यासारखाच काळा दिसतो. काळ्या रंगावरून होडी चालेल असा निष्कर्ष काढू नका. मागच्या वर्षांची याच आठवड्यातली चित्रंही बघा, त्यावरून ते तळं लवकर गोठणारं आहे की उशिरा, ते समजतं.

जाडीचा ढोबळ हिशोबही करता येतो. पहिली साय धरल्यानंतर रोजचं सरासरी तापमान शून्याखाली किती होतं त्याची बेरीज करा, त्या बेरजेचं वर्गमूळ काढा आणि २ ने गुणा. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. सरासरी उणे ५ चे पाच दिवस झाले तर बेरीज २५, वर्गमूळ ५, म्हणजे जाडी साधारण १० सेंमी. वर हिम पडलेलं असेल तर ते पांघरुणाचं काम करतं आणि थर याहून पातळ राहतो. वाहत्या पाण्याला हा हिशोब लावूच नका. घरी बसून बेत ठरवण्यापुरताच त्याचा उपयोग आहे. त्या आकड्याच्या भरवशावर पाऊल टाकायचं नाही.

निघण्याआधीच्या लक्ष्मणरेषा

हवामानाचा अंदाज तीन ते पाच दिवसांपर्यंत बऱ्यापैकी विश्वासाचा असतो, म्हणून अंतिम निर्णय निघण्याच्या तीन दिवस आधी आणि पुन्हा आदल्या संध्याकाळी घ्या. काय दिसलं तर काय करायचं, हे त्याआधीच सगळ्यांनी मिळून लिहून ठेवलेलं असावं. आमच्या मते या रेषा अशा असाव्यात:

तापमान शून्य ते तीन अंश, पाऊस आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असे सलग दोन दिवस असतील तर बेत रद्द. २४ तासांत ३० सेंमीहून जास्त हिम पडणार असेल तर मार्ग निम्मा. परतीच्या दिवशी मोठं वादळ दिसत असेल तर एक दिवस आधी बाहेर पडायचं. अंदाज दर बारा तासांनी बदलत असेल तर तोही इशाराच समजावा आणि गाडीपासून एका दिवसाच्या अंतरातच राहावं.

पहिली रेषा अनेकांना उलटी वाटते. उणे १५ अंशांच्या थंडीपेक्षा शून्याच्या वर एक अंशाला पडणारा पाऊस जास्त धोक्याचा आहे. कडक थंडीत हिम कोरडं असतं, झटकलं की पडतं. शून्याच्या आसपास ते कपड्यांत, बुटांत, स्लीपिंग बॅगमध्ये वितळतं आणि रात्री तिथेच गोठतं. वाऱ्याचाही हिशोब धरा: उणे ५ अंश आणि ताशी ३० किमी वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे १३ सारखं लागतं. डोंगरात दर हजार मीटर चढाला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे पायथ्याचा पाऊस वर हिम झालेला असतो.

बर्फावर पाय टाकायची वेळ आलीच तर

नितळ, काळसर, घट्ट बर्फ किमान १० सेंमी असेल तरच एका माणसाने चालावं. पांढुरका, बुडबुड्यांचा किंवा भिजलेल्या हिमापासून बनलेला बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा असतो, त्याला २० सेंमी हवेत. थरांच्या मध्ये पाणी किंवा चिखलासारखं हिम असेल तर फक्त एकसंध थर मोजा. बर्फ पूर्ण सुरक्षित असा कधीच नसतो, आणि हंगामाच्या सुरुवातीला तर एका जागी १२ सेंमी आणि दहा पावलांवर ३ सेंमी हे नेहमीचं आहे.

कमकुवत जागा ओळखीच्या असतात. ओढा तळ्याला मिळतो ते तोंड, तळ्यातून पाणी बाहेर पडतं ती जागा, दोन तळ्यांमधली चिंचोळी वाट, झऱ्यांचे भाग, लव्हाळ्याभोवतीचा पट्टा, पाण्यातून वर आलेले खडक आणि ओंडके, बीव्हर या पाण्यात घर बांधणाऱ्या प्राण्याच्या घराभोवतीचं पाणी. नदीच्या बाह्य वळणावर प्रवाह जोराचा असतो, त्यामुळे थर तिथेही पातळ राहतो.

तपासणीसाठी टोकदार पहार लागते. किनाऱ्यावरूनच सुरुवात करा आणि प्रत्येक पावलाआधी पुढच्या जागी जोराचा घाव घाला. एका-दोन घावांत पाणी वर आलं तर आल्या पावलांनी मागे फिरा. दर २० मीटरवर आणि बर्फाचा रंग बदलेल तिथे भोक पाडून जाडी मोजा. माणसांमध्ये १० मीटर अंतर ठेवा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. गळ्यात, कोटाच्या बाहेर, बर्फात रोवायचे दोन खिळे-दांडे असावेत. सॅकमध्ये राहिले तर त्यांचा उपयोग नाही. १५ ते २० मीटरचा फेकायचा दोर मागच्या माणसाकडे असावा, कारण पुढचाच आधी पडतो.

पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वासाचं असतं. थंडीच्या धक्क्याने धाप लागते. तेव्हा काहीही न करता फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवा. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. ती दहा मिनिटं अशी वापरा:

१. ज्या दिशेने आलात तिकडेच तोंड करा. तिथल्या बर्फाने तुम्हाला काही क्षणांपूर्वी पेललं होतं.
२. सॅक मोकळी करा, पण लगेच सोडून देऊ नका. तिच्यात हवा असेल तर ती तरंगते आणि आधार देते.
३. दोन्ही कोपर बर्फावर ठेवा, खिळे रोवा आणि पाय मागे जोरजोरात मारत शरीर आडवं करा. सरळ उभं राहून वर चढता येत नाही.
४. पोटावर सरपटत बाहेर या. कडा मोडत राहिली तरी पुढे रेटत राहा.
५. उभे राहू नका. लोळत लोळत आल्या मार्गाने किनाऱ्याकडे जा.

सोबत्यांनी भोकाजवळ जायचं नाही. ओरडून धीर द्या, दोर किंवा काठी फेका, पोटावर झोपून ओढा. बाहेर आलेल्या माणसाला चालवत न्यायच्या आधी वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओले कपडे पूर्ण काढा आणि कोरडे घाला. त्यासाठी प्रत्येकाचा एक पूर्ण कोरडा जोड पाणबंद पिशवीत असलाच पाहिजे.

जमिनीवरचं हिम

इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी कडाका पडला की आधी हिम? कडाका आधी पडला तर दलदल घट्ट होते आणि चालणं सोपं जातं. हिम आधी पडलं तर त्याच्या उबेखाली दलदल आठवडेच्या आठवडे मऊ राहते आणि वरून भक्कम दिसत असताना पाय मांडीपर्यंत आत जातो. गेल्या पंधरवड्याच्या हवामानाच्या नोंदी बघितल्या की हा क्रम कळतो.

दहा-पंधरा सेंटिमीटरचं हिम सर्वांत फसवं. खडकांच्या फटी, आडवे ओंडके, मुळं सगळं झाकलं जातं, पण पाय पेलला जात नाही. घोटे मोडतात ते इथेच. दोन्ही हातांत काठ्या ठेवा आणि बुटांना साखळीचे काटे लावा. हिमबूट (बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) साधारण ३० सेंमीच्या पुढे कामाला येतात, त्याआधी ते अडखळवतात. डोंगरात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमकडे सुटतात. हंगामाच्या सुरुवातीचं थोडंसं हिम आणि वर कडक थंडी असली की जमिनीलगत साखरेसारखे सुटे कण तयार होतात, आणि पुढचं मोठं हिम त्यांच्यावरून घसरतं. पातळ हिम म्हणून उताराला हलकं समजू नका.

तळ आणि तंबू

थंड हवा खाली साचते. तळ्याच्या काठापेक्षा किंवा दरीच्या तळापेक्षा १० ते २० मीटर उंचावर, झाडांच्या आडोशाला जागा बघा. वर मान करून झाडं तपासा. वाळलेलं उभं झाड आणि लोंबणारी फांदी ओल्या हिमाच्या भाराने रात्री खाली येते.

जमिनीचा वरचा थर गोठलेला असतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या वाकतात. २० सेंमीचे पोलादी खिळे न्या. सकाळी ते निघत नाहीत, तेव्हा आधी आडवे ठोके मारून सैल करा. हिम खोल असेल तर काठी किंवा हिमाने भरलेली पिशवी दोरी बांधून आडवी पुरा, वरून तुडवा आणि अर्धा तास तसंच सोडा. हिम आपोआप घट्ट होतं.

३० सेंमी ताजं हिम चार चौरस मीटरच्या छपरावर साचलं तर त्याचं वजन सहज १०० किलोच्या आसपास जातं, ओलं असेल तर कित्येक पट. हिमवृष्टीत दर दोन तासांनी आतून थोपटून ते खाली पाडा आणि पायथ्याशी साचलेलं बाहेर काढा, नाहीतर हवा कोंडते. झरोके कितीही थंडी असली तरी उघडे ठेवा. श्वासाची वाफ बाहेर गेली नाही तर ती कापडावर गोठते आणि पहाटे अंगावर पडते.

झोप

थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, एकूण किमान ५ असावी. दोन मॅट एकावर एक टाकल्या की त्यांचे आकडे सरळ मिळवता येतात: फोमची साधारण २ ची आणि हवेची ३-४ ची. हवेची फुटली तरी फोम उरतो, म्हणून नुसत्या हवेच्या मॅटवर विसंबू नका. स्लीपिंग बॅगवरच्या तीन आकड्यांपैकी ‘कम्फर्ट’ हाच आकडा बघा, आणि तो अपेक्षित किमान तापमानाहून ५ ते ८ अंश खालचा असावा. ‘एक्स्ट्रीम’ हा जीव वाचण्याचा आकडा आहे, झोपेचा नव्हे. पिसांची बॅग दमट हवेत दररोज थोडी थोडी फुगायची थांबते. तीन रात्रींपुढे जाणार असाल तर तिच्यावर एक पातळ सिंथेटिक आवरण घ्या, दमटपणा त्यात अडकतो.

झोपायचे मोजे वेगळे ठेवा आणि ते तंबूबाहेर कधीच घालू नका. बूट पिशवीत घालून बॅगेच्या पायथ्याशी ठेवा, नाहीतर सकाळी लाकडासारखे कडक मिळतील. दिवसा चालायला लागताना थोडी थंडी वाजत असेल इतकेच कपडे ठेवा. घाम आला तर तो संध्याकाळी महागात पडतो. हातमोज्यांचे तीन जोड, वरून पाणबंद कोट आणि विजार घ्या. सुती काहीही नको.

चूल, पाणी, अन्न

गॅसच्या नळकांड्यात ब्यूटेन असेल तर तो उणे अर्ध्या अंशाखाली वायू होतच नाही. आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२. मिश्रणातला प्रोपेन आधी संपतो, म्हणून अर्धं नळकांडं भरलेलं असूनही ज्योत मरते. सततच्या थंडीत द्रव इंधनाचा स्टोव्हच खात्रीचा. बर्फ वितळवावा लागणार असेल तर माणशी रोज २०० ते २५० मिली इंधन धरा, वाहतं पाणी मिळणार असेल तर साधारण निम्मं. एक किलो बर्फ वितळवायला लागणारी उष्णता तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवण्याइतकी असते, आणि दहा लिटर ताज्या हिमाचं जेमतेम लिटरभर पाणी होतं. भांड्यात आधी थोडं पाणी घालून मगच हिम टाका, नाहीतर तळ करपतो. स्टोव्हखाली लाकडी फळी ठेवा. बंद तंबूत तो कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

पोकळ तंतूंचा पाणी-फिल्टर एकदा गोठला की आतून चिरतो आणि ते बाहेरून दिसत नाही. तो खिशात, अंगाशी ठेवा, किंवा पाणी उकळूनच प्या: एक मिनिट खळखळ, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. पाणी वरून गोठत जातं, म्हणून बाटल्या उलट्या ठेवा. नळीने पाणी प्यायच्या पिशव्या घरी ठेवा. पाणी भरायला कोवळ्या बर्फावर जाऊ नका, भांड्याला दोरी बांधून काठावरून घ्या.

माणशी रोज ३,५०० ते ४,५०० कॅलरी आणि दोन दिवसांचं जास्तीचं अन्न घ्या. चरबीत ग्रॅमला ९ कॅलरी असतात, कर्बोदकांत ४. वजनाचा विचार केला तर चरबीच परवडते. झोपायच्या आधी काहीतरी खा, रात्रभर शरीराला ऊब बनवायची असते.

गारठलेला माणूस ओळखणं

अडखळणं, वस्तू हातातून निसटणं, पुटपुटणं, उगाच चिडणं या चार गोष्टी शरीराचं तापमान ३५ अंशांकडे घसरल्याची लक्षणं आहेत. कापरं थांबलं आणि माणूस सुस्त झाला तर तो सुधारला असं समजू नका, तो आणखी खाली गेलेला असतो. आडोसा, कोरडे कपडे, खाली मॅट, छातीला आणि काखेत ऊब द्या, आणि शुद्धीत असेल, गिळता येत असेल तरच गोड गरम पेय. चोळू नका. सुस्त झालेल्याला अगदी हळुवार हलवा आणि मदत बोलवा. बोटं हिमदंशाने पांढरी पडली असतील आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवू नका.

उजेड, संपर्क, गाडी

रात्र चौदा-सोळा तासांची असते. माणशी एक हेडटॉर्च आणि बॅटरीचे दोन जोड घ्या. लिथियम सेल थंडीत टिकतात, साधे अल्कलाइन लवकर बसतात. फोन आणि उपग्रह-संदेशयंत्र रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. काही देशांत असं यंत्र परवान्याशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, ते आधी बघून घ्या. शरदात अनेक प्रदेशांत शिकारीचा हंगाम असतो, तिथे भडक नारिंगी अंगरखा घालूनच चाला.

घरी एका माणसाकडे मार्ग, मुक्कामाच्या जागा, पर्यायी वाटा, गाडीचा नंबर आणि दोन वेळा लिहून द्या: परतण्याची अपेक्षित वेळ, आणि त्यानंतर २४ तासांनी ज्या वेळेला बचाव पथकाला फोन करायचा ती. हिमाने उशीर होणं साधारण आहे, त्यामुळे दुसरी वेळ थोडी सैल असावी, पण ती ठरलेली असावी. गाडी तोंड बाहेर करून, शक्य तर साफ होणाऱ्या मुख्य रस्त्याजवळ लावा. टाकी भरलेली ठेवा, आत फावडं, चाकांच्या साखळ्या, कोरडे कपडे आणि एक दिवसाचं अन्न असू द्या. बाहेर आल्यावर गाडी सुरू झाली आणि मुख्य रस्त्याला लागली की मगच घरच्या माणसाला पोहोचल्याचा निरोप पाठवा, त्याआधी नाही.